विषावर पाणी

पिशवीतलं औषध अगदी पाण्यासारखं दिसत होतं, आणि माळीबुवांना नेमकी त्याचीच धास्ती बसली. विष म्हटलं की त्याला काही रंग असावा, वास असावा, निदान बघणाऱ्याच्या अंगावर काटा तरी यावा, अशी त्यांची आपली साधी समजूत. ही पिशवी मात्र गरीब गाईसारखी खुंटीला लटकलेली. तिच्या खाली नळी, नळीत थेंब, आणि नळीच्या टोकाला बायकोचा हात. थेंब सुटायचा, क्षणभर लोंबकळायचा, खाली पडायचा, आणि इकडे माळीबुवा पुढच्या थेंबाची वाट बघायचे.

"अहो, त्या पिशवीकडे असं टक लावून बघू नका, लाजेल ती," बायको म्हणाली.

"मी कुठं बघतोय?"

"मग हे डोळे कुणाचे उसने आणलेत?"

माळीबुवांनी मान वळवली आणि खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर दुसरी इमारत, तिला तशाच खिडक्या, आणि प्रत्येक खिडकीत तशीच एकेक पिशवी. पुन्हा मान आपोआप फिरली ती थेंबाकडेच.

शहरातल्या मोठ्या सार्वजनिक बागेत त्यांची उभी हयात गेलेली. तिथले साहेब काय आणि घसरगुंडीवरची पोरं काय, सगळेच त्यांना माळीबुवा म्हणत, आणि आता दवाखान्यातही तेच नाव मागोमाग आलं होतं. बायको घरी शिवणकाम करायची. आळीतल्या किती लग्नांचे कपडे तिच्या हातून गेले याला गणती नाही. तिला रक्ताचा कॅन्सर झाला, एक औषध झालं, दुसरं झालं. दोन्ही वेळा रोग दबल्यासारखा झाला आणि पुन्हा तोंड वर काढून उभा राहिला. आता हे तिसरं. अजून प्रयोगात असलेलं, मोजक्या रोग्यांना मिळणारं, आणि, देवा परमेश्वरा, एरंडाच्या बीतल्या विषापासून केलेलं.

एरंड माळीबुवांच्या चांगला ओळखीचा. बागेत झोपाळ्यांच्या मागं, कुंपणाच्या कडेला तो न लावता उगवायचा आणि ते दरवर्षी त्याला मुळासकट उपटायचे. त्याच्या बिया दिसायला मोठ्या देखण्या, चकचकीत, अंगावर नक्षी काढल्यासारख्या. एखादं लेकरू मणी समजून तोंडात घालायचं. आणि एकदा तर खताच्या कोठारात एरंडीच्या पेंडीचं पोतं फाटकं राहिलं. पेंड नीट भाजलेली नव्हती, हे मागाहून कळलं. पहारेकऱ्याच्या कुत्र्यानं त्यात तोंड घातलं. पहिला दिवसभर ते कुत्रं शेपटी हलवत हिंडत होतं, चेंडूमागं धावत होतं. दुसऱ्या दिवशी जे सुरू झालं ते माळीबुवांनी कधी कुणाला सविस्तर सांगितलं नाही. पण त्यांच्या मनात रुतून बसला होता तो पहिलाच दिवस. विष पोटात गेलेलं, आणि जनावर आनंदात!

म्हणून बायको हसली, थट्टा करू लागली, दोन घास जास्त जेवली, की दुसऱ्या कुठल्याही नवऱ्याला हायसं वाटलं असतं. माळीबुवांचा जीव मात्र खालीवर व्हायचा.

डॉक्टरीणबाईंनी सगळं समजावून सांगितलं होतं. बाई वयानं लहान, पण धीराची आणि बोलायला मोकळी. त्या दिवशी बायकोची धाकटी बहीणही हजर होती. ही मेहुणी पोस्टात टपाल लावायचं काम करायची आणि जीभ तिची अशी की तिकिटावरचा शिक्का बरा.

"या विषाचे दोन तुकडे असतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. "एक तुकडा पेशीचं दार उघडतो, दुसरा आत जाऊन तिला मारतो. दार उघडणारा तुकडा कुठलंही दार उघडतो, म्हणून बी खाल्लं की सगळ्या शरीराचा नाश होतो. आम्ही तो तुकडा काढून टाकलाय. त्याच्या जागी असा एक रेणू जोडलाय, ज्याला फक्त रोगट पेशीचा पत्ता ठाऊक आहे. पोस्टमनच समजा. बरोबर त्याच घरी जाणार, बाकीच्या घरांची कडीसुद्धा वाजवणार नाही."

"डॉक्टर, दुसरं काहीही म्हणा, पोस्टाचं नाव घेऊ नका," मेहुणी म्हणाली. "कुणाची पत्रं कुणाच्या घरी पडतात ते मी रोज बघते."

बायको खळखळून हसली. डॉक्टरीणबाईही हसल्या, आणि मग हसू आवरून म्हणाल्या, "खरं आहे. थोडी चूक होते. काही वेळा रक्तवाहिन्यांच्या भिंतींना त्रास होतो, त्यांतून पाणी झिरपतं, अंगाला सूज येते, वजन वाढतं. म्हणून तर आम्ही रोज सकाळी वजन करतो आणि पाणी मोजून देतो. तसं काही दिसलं तर लगेच थांबवायचं."

"लहानपणी आई एरंडेल पाजायची तेव्हा तू पळून जायचीस ताई," मेहुणी म्हणाली. "आता बरी सापडलीस, शिरेतून देतायत."

"त्या तेलात हे विष नसतं," माळीबुवा घाईघाईनं म्हणाले. "ते पेंडीत राहतं. पेंड जर का नीट भाजली नाही, तर..."

"झालं! भावोजींनी एरंडाचं गुऱ्हाळ लावलं!"

सगळे हसले. माळीबुवाही हसले. पण पोस्टमन त्यांच्या डोक्यातून जाईना. अंगातल्या अंधाऱ्या गल्ल्यांतून तो फिरतोय, हातात विषाची पुडी, आणि दारावरच्या पाट्या नीट दिसत नाहीत. एखादं दार चुकलं तर? ते दार काळजाचं निघालं तर?

बायकोनं मात्र कागदावर सही करून टाकली होती. "सुरीला धार आहे म्हणून कुणी भाजी दातांनी तोडतं का?" एवढंच म्हणाली.

पहिली पिशवी संपली. रात्र सरली. सकाळी बायको उठली, केस विंचरले, आणि उशाखालचं अर्धवट शिवण काढून बसली. मेहुणीच्या नातवाचं झबलं होतं ते. दवाखान्यातल्या बुटक्या सिस्टरनं वजनकाटा ढकलत आणला, वजन केलं, ठीक आहे म्हणाली आणि निळा जग भरून ठेवून गेली. जगावर रेघा. कुठल्या रेघेपर्यंत पाणी गेलं ते सिस्टर येऊन बघायची.

माळीबुवा त्या जगाकडे बघत बसले. बघता बघता त्यांना एक गोष्ट सुचली, आणि सुचली तशी ती डोक्यात घर करून बसली.

बागेत एखाद्या नवख्या माणसानं कुंडीत खत जास्त घातलं की पानांच्या कडा जळू लागतात. त्यावर उपाय एकच. कुंडी उचलायची, नळाखाली धरायची आणि पाणी सोडायचं. वरून आत, खालून बाहेर. खालच्या भोकातून पिवळं पाणी येतं, मग फिकं, मग स्वच्छ. मातीतलं जास्तीचं सगळं धुऊन निघतं आणि झाड वाचतं. या उपायानं माळीबुवांनी किती झाडं मरणाच्या दारातून परत आणली होती! मग माणसाचं काय वेगळं? विष आपलं काम करून बसलंच असेल, तर उरलंसुरलं धुऊन निघायला नको का? आणि पाण्यानं कधी कुणाचं वाईट झालंय?

जग तर मोजलेला. म्हणून त्यांनी घरून आपली पोलादी बाटली आणली. जिन्याजवळ पिण्याच्या पाण्याचा नळ होता, तिथून भरायची. सिस्टर पडद्याबाहेर गेली की बाटली बायकोच्या ओठाला.

"अहो, आत्ताच तर प्यायले."

"घोटभर घे गं. माझ्यासाठी."

आता बघा, या "माझ्यासाठी"वर कुठली बायको नाही म्हणेल? ती प्यायची. नवऱ्याचं पांढरं पडलेलं तोंड तिला दिसत होतं. बाटली रिकामी झाली की त्या तोंडावर जरा रंग यायचा, तोही दिसत होता. त्याला तेवढंच बरं वाटतं तर वाटू दे, असं म्हणून ती घोट गिळत राहिली. ज्याच्यावर जीव जडला त्याच्या हातचं माणूस काहीही पितं. दोघांचंही चुकत होतं, पण ते प्रेमानं चुकत होते, आणि अशी चूक पकडायला फार कठीण.

दुसरी पिशवी लावायच्या दिवशी सकाळी सिस्टरनं वजन केलं आणि काट्याकडे पुन्हा वाकून पाहिलं. "जरा उतरा. परत चढा." बायको परत चढली. सिस्टरनं तिच्या पायावर अंगठा दाबून धरला आणि उचलला. खळगा तसाच राहिला.

"डोकं फार दुखतंय," बायको म्हणाली. "डोकं की काय ते."

सिस्टर रक्त काढून झपाझप निघून गेली. बायको पुन्हा शिवण घेऊन बसली. तिनं अंगुस्तान उचललं, बोटात घालायला गेली. जाईना. बोट फुगलेलं. हसली आणि म्हणाली, "कुणीतरी लहान केलंय हे." मग सुई घेतली, आणि दोऱ्याचं टोक सुईच्या अणकुचीदार बाजूला लावून ओवू लागली. एकदा. पुन्हा एकदा. जिनं डोळे मिटून सुई ओवावी, ती बाई त्या टोकाला भोक शोधत होती.

पहिला दिवस संपला, माळीबुवांच्या मनात आलं. आता दुसरा सुरू झाला.

डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी पाय बघितले, डोळ्यांत बॅटरी मारली, नाव विचारलं, वार विचारला. नाव बायकोनं सांगितलं. वार चुकला. छातीला नळी लावून बाई बराच वेळ ऐकत राहिल्या. मग माळीबुवांकडे वळल्या.

"पाणी किती पितायत?"

आता सिस्टर तिथंच उभी. तिच्या हातात निळा जग, आणि जगातलं पाणी आज्ञाधारकपणे आपल्या रेघेवर. माळीबुवांच्या तोंडातून शब्द निघून गेला, "त्या जगातलंच."

"नक्की?"

"हो."

डॉक्टरीणबाईंनी मोठा श्वास घेतला. "मग मला भीती होती तेच दिसतंय. औषधानं रक्तवाहिन्या झिरपायला लागल्यात. आज पिशवी लावायची नाही." एवढं ऐकलं आणि माळीबुवांच्या अंगातून गार वारा गेल्यासारखं झालं. सुटलो! गेलं ते विष! त्यांनी मनातल्या मनात हातसुद्धा जोडले. पण बाईंचं बोलणं संपलं नव्हतं. "रक्ताचा रिपोर्ट येतोय, तो आला की दुपारी मला प्रयोगाच्या मंडळाला कळवावं लागेल. इतक्या कमी मात्रेवर झिरपलं तर नियम कडक आहे. एकदा कळवलं की त्यांचं नाव कायमचं बाहेर."

"मग पुढचं औषध कुठलं?"

बाई पडद्याची घडी सारखी करत उभ्या राहिल्या. "पुढचं नाही, माळीबुवा. हेच होतं. मग तुम्ही त्यांना घरी न्या. दुखणार नाही एवढं आम्ही बघू."

त्या गेल्या. सिस्टर गेली. पडदा हलला आणि थांबला.

इकडे विहीर आणि तिकडे आग, अशा जागी माणूस उभा राहिला की त्याला फक्त हात हलवायचं सुचतं. माळीबुवा बाटली घेऊन जिन्याकडे गेले. नळ सोडला. बाटली भरली. परत आले. विष अंगात आहे तर ते धुवायला हवं, अजून धुवायला हवं, एवढंच डोक्यात. बायकोची मान दंडावर घेतली. मान सैल लागली, झोपलेल्या लेकरासारखी. बाटली ओठाला लावली.

"घे गं. घोटभर."

पाणी ओठाच्या कडेनं गळ्यावर ओघळलं. तिनं डोळे अर्धे उघडले. "अहो," ती जड जिभेनं म्हणाली, "मी काय कुंडी आहे का?"

तेवढ्यात मागून मेहुणीचा आवाज आला. ती पिशव्या सावरत पडद्याआत शिरली होती. "भावोजी! हे काय चाललंय? काय पाजताय तिला?"

"पाणी."

"एवढी मोठी बाटली? आणि तो जग काय शोभेला ठेवलाय?"

माळीबुवा उत्तर द्यायला गेले आणि त्यांची नजर बायकोच्या चेहऱ्यावर पडली. पिवळट, मऊ, लोंबलेला चेहरा. अशी पानं त्यांनी पाहिली होती. आयुष्यभर पाहिली होती. मान टाकलेलं झाड बघून नवखा म्हणतो, तहानलंय, आणि आणखी पाणी घालतो. पण पाणी कमी झालं तरी झाड मान टाकतं आणि पाणी जास्त झालं, मुळं गुदमरली, तरी तशीच मान टाकतं. वरून दोन्ही सारखीच दिसतात. कामावर आलेल्या प्रत्येक नव्या माणसाला त्यांनी पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं: मान टाकली म्हणून झारी उचलू नका, आधी मातीत बोट घाला. आणि आज त्यांनी स्वतःच्या हातांनी, स्वतःच्या माणसावर, अगदी तेच केलं होतं. मातीत बोट घातलंच नव्हतं.

बाटली त्यांनी खाली ठेवली. ती कलंडली आणि पाणी फरशीवर सांडलं.

"भावोजी?" मेहुणीचा आवाज खाली आला. "किती दिवस पाजताय?"

"पहिल्या पिशवीपासून."

मेहुणीनं तोंडावर हात ठेवला. ही बाई गप्प झालेली माळीबुवांनी जन्मात पहिल्यांदा पाहिली, आणि त्या गप्प होण्याचीच त्यांना सगळ्यात जास्त भीती वाटली.

डॉक्टरांची खोली लांबच्या टोकाला. माळीबुवा निघाले खरे, पण वाटेत पाय जड होत गेले. खरं सांगून टाकलं तर काय होणार? नाव बाहेर जाणार नाही. पुन्हा पिशवी येईल. पुन्हा ते पाण्यासारखं विष, पुन्हा तो थेंब, पुन्हा अंगातल्या गल्ल्यांतून फिरणारा पोस्टमन. आणि गप्प बसलं तर? कुणी दोष देणार नाही. औषध सोसलं नाही, नशीब, असं सगळे म्हणतील. तिला घरी नेता येईल. खिडकीशी तिचं शिवणाचं यंत्र आहे, तिथं ती बसेल. किती दिवस बसेल, हा विचार मात्र मनाच्या दारात येऊन उभा राहायचा आणि आत यायचा नाही.

देवा, त्यांनी विचारलं, तू एरंड कशाला केलास रे? उत्तर आलं नाही. पण माणूस देवाला प्रश्न विचारायला थांबतो तेवढ्यात कधीकधी त्याचे पाय पुढं गेलेले असतात. माळीबुवांनी मान वर केली तर समोर दार होतं, आणि दाराआड डॉक्टरीणबाई फोन कानाला लावून बसलेल्या.

"बाई, फोन ठेवा," ते म्हणाले. "मी खोटं बोललो."

सगळं सांगितलं. बाटली, नळ, कुंडी, खत. बाईंचा चेहरा आधी तांबडा झाला, मग पांढरा. ओरडतील असं वाटलं, पण त्या उठल्या आणि चालता चालताच बोलू लागल्या. "रिपोर्ट आत्ताच आलाय. रक्तातलं मीठ फार खाली गेलंय. मी तेच कोडं सोडवत होते. एरवी एवढं पाणी शरीर बाहेर टाकतं हो, पण उलटीच्या आणि दुखण्याच्या औषधांनी ते अडवून धरलं. मीठ पातळ झालं की मेंदूला सूज येते. झटके येऊ शकतात. माणसाची शुद्ध हरपते. सिस्टर!"

"म्हणजे मी तिला..."

"आत्ता नाही, माळीबुवा. आत्ता मला काम करू द्या. तुम्ही सांगितलंत, ते बरं केलंत. आणखी उशीर झाला असता तर बोलायला काही उरलं नसतं."

बुटक्या सिस्टरनं जग उचलून नेला. मिठाच्या पाण्याची छोटी नळी लावली. मीठ भराभर चढवता येत नाही, डॉक्टरीणबाई म्हणाल्या; घाई केली तर मेंदूला वेगळीच इजा होते. सावकाश चढवायचं आणि वाट बघायची. आणि हे सगळं नुसत्या पाण्याचं आहे, की औषधाचंही थोडं आहे, ते पाणी उतरल्याशिवाय समजणार नाही.

मग सुरू झाली ती दुपार. माळीबुवा एका बाजूला, मेहुणी दुसऱ्या बाजूला, मध्ये बायको. तिचा हात एकदा दचकल्यासारखा उडाला आणि दोघंही उभे राहिले. काही नव्हतं. पुन्हा बसले. बोट हललं, उभे राहिले. श्वास जरा मोठा झाला, उभे राहिले. शेजारच्या खाटेवरची म्हातारी म्हणालीसुद्धा, "अहो, बसा की एकदाचे, मलाच चक्कर यायला लागली." कुणाला हसू आलं नाही.

"ताईला काही झालं ना," मेहुणी खालच्या आवाजात म्हणाली, "तर मी तुमच्याशी जन्मात बोलणार नाही, भावोजी."

"नको बोलूस."

"आणि नाही झालं तर इतकं बोलेन की तुम्हाला पळता भुई थोडी होईल."

"बोल," माळीबुवा म्हणाले. "देव करो आणि तू बोलत राहो."

मेहुणीनं डोळे पुसले आणि पदर खोचून पुन्हा बसली. माळीबुवांनी डोळे मिटले आणि नामाचा आधार घेतला. पण भ्यालेल्या माणसाचं नामही धड चालत नाही. निम्मं नाव व्हायचं, आणि कान तिच्या श्वासाकडे जायचा, आणि पुन्हा पहिल्या अक्षरापासून सुरुवात. तरी म्हणत राहिले. अर्धवट हाकही ज्याला ऐकू जाते त्याला ती गेलीच असेल.

उन्हं उतरली तेव्हा बायकोनं डोळे उघडले. छताकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं.

"तू कामावर नाही गेलीस?" बहिणीला म्हणाली. "आज गुरुवार ना?"

गुरुवारच होता. मेहुणी इतकी रडायला लागली की सिस्टर धावत आली.

पुढच्या दिवसांत पाणी उतरलं, बोटं पूर्वीसारखी झाली, पायावरचा खळगा राहीनासा झाला. डॉक्टरीणबाईंनी रक्तातली प्रथिनं तपासली, छातीचा फोटो काढला, पुन्हा तपासलं. रक्तवाहिन्या झिरपल्याची खूण कुठंच नव्हती. मंडळाला सगळं खरं खरं कळवलं, आणि मंडळानं उपचार चालू ठेवायला मान्यता दिली. "पण पुढच्या वेळी झिरपणार नाही, असं मी म्हणणार नाही," बाई म्हणाल्या. "गुण येईलच असंही म्हणणार नाही. तुमची इच्छा असेल तर उद्या लावू."

माळीबुवांनी बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, "लावा."

दुसऱ्या दिवशी पिशवी आली. मेहुणीनं शब्द पाळला होता, दोन दिवस भावोजींना चांगलं सोलून काढलं होतं, आणि आता ती पोस्टात गेली होती. खाटेशी दोघंच. सिस्टरनं नळी जोडली, थेंबाचा वेग ठरवला, माळीबुवांकडे बोट रोखून "पाणी मी देईन" असं बजावलं आणि गेली.

थेंब पडू लागले. माळीबुवांनी खुर्ची खाटेजवळ ओढली. बायकोचा हात हातात घेतला, तर तो बर्फासारखा गार. आणि कापत होता. त्यांनी घाबरून बेलकडे हात नेला.

"थांबा, बोलावू नका," ती म्हणाली. "औषधानं नाही कापत तो."

"मग?"

तिनं नळीकडे पाहिलं. "मला भीती वाटते हो. पहिल्या दिवसापासून वाटते. रात्री तुम्ही खुर्चीत पेंगायचात, तेव्हा मी त्या रिकाम्या खुंटीकडेच बघत पडायची."

"मग बोलली का नाहीस? मला वाटलं, तुला काहीच..."

"काय बोलू? तुमचं तोंड बघून मला हसावंच लागायचं. मी घाबरलेली दिसले असते तर तुम्ही मला नळाखालीच नेऊन बसवलं असतं."

इतके दिवस एका खाटेच्या दोन बाजूंना दोन माणसं एकाच गोष्टीला भीत होती. एक हसून लपवत होतं आणि एक पाणी पाजून. माळीबुवांनी तिचा हात आपल्या दोन्ही तळव्यांत धरला. त्यांच्या हातांना घट्टे पडलेले, आणि तेही कापत होते.

"काही करू का?" त्यांनी विचारलं.

"काही करू नका," ती म्हणाली. "आज आपण दोघं मिळून घाबरू. तुम्ही नुसते बसा."

एक थेंब पडला. मग दुसरा. यातला कुठला तिला वाचवील आणि कुठला मारील, हे त्या दोघांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. माळीबुवा बसून राहिले.